ठाणे-नवी मुंबईत नवीन आहात? आवाजाची मर्यादा आधी घड्याळात बघा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नुकतंच घर घेतलं असेल, दुकान थाटलं असेल किंवा एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला असेल, तर आवाजाच्या नियमांशी कधी ना कधी गाठ पडतेच. घोडबंदर रोडला घराची किल्ली हातात येते आणि महिन्याभरात समोरच्या प्लॉटवर पायलिंग सुरू होतं. कोपरखैरण्यात खाली फॅब्रिकेशनचं दुकान आणि वर झोपायची खोली. तुर्भ्यात एपीएमसीकडे जाणारे ट्रक भल्या पहाटे हॉर्न वाजवत निघतात. वागळे इस्टेटीत जुन्या कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहतो आणि शेजारचा कारखाना मात्र तसाच चालू असतो.

त्रास सुरू झाला की बहुतेक जण आधी मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उतरवून घेतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी घड्याळ बघा, मग नकाशा आणि डेसिबल सगळ्यात शेवटी. रात्रीच्या पुष्कळशा तक्रारींना मीटर लागतच नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे माणसं "आमच्याकडे पुरावा कुठे आहे?" म्हणत गप्प बसतात. तसं गप्प बसायची गरज नाही.

पहिली पायरी: किती वाजलेत?

ध्वनिप्रदूषण (विनियमन आणि नियंत्रण) नियम, २००० देशभर लागू आहेत. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली ते केलेले आहेत. त्यांच्या लेखी दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. आपल्याकडे साडेदहाला जेवणं उरकतात, पण नियमाची रात्र दहालाच सुरू होते.

रात्रीच्या या आठ तासांत काही गोष्टींना सरळ बंदी आहे. आवाज किती डेसिबल होता हा प्रश्नच तिथे येत नाही. उघड्यावर लाउडस्पीकर, डीजे, ढोल-ताशे चालत नाहीत. आवाजाचे फटाके चालत नाहीत. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवता येत नाही, आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रंही चालवता येत नाहीत. म्हणजे पायलिंग रिग, ब्रेकर, काँक्रीट पंप, सगळं दहाला थांबायला हवं. साइटवरचा सुपरवायझर "स्लॅब अर्धा राहिलाय" म्हणेल. त्याची अडचण खरी असेलही, पण तिच्यामुळे नियम बदलत नाही.

नियम ७ प्रमाणे आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. त्याच नियमात पुढे असंही आहे की रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल तर तेवढ्यावरही तक्रार करता येते. नवीन माणसाने हे वाक्य पाठच करून ठेवावं. रात्री पावणेअकराला लॉनवर स्पीकर चालू आहे, एवढंच पुरेसं आहे.

लाउडस्पीकरला रात्री एक सूट आहे, ती बंदिस्त जागेसाठी: सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर, बँक्वेट हॉल. तिथेही आतल्या लोकांपुरताच आवाज असावा. मंडप घातलेलं लॉन म्हणजे बंदिस्त हॉल नव्हे, आणि दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या हॉललाही ही सूट मागता येणार नाही.

दुसरी सूट सणांची. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ लाउडस्पीकरला मुभा देता येते, आणि त्या दिवसांची यादी जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर होते. इथे नवी मुंबईकरांची गल्लत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि तळोजा रायगड जिल्ह्यात. पोलिस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच आहे. तेव्हा खारघरला राहत असाल तर यादी रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांची बघा, ठाण्याची नाही. ही सवलत वेळेची आहे, आवाज वाढवण्याची नाही, आणि शांतता क्षेत्राला ती लागूच नाही. शिवाय ती फक्त मध्यरात्रीपर्यंत आहे. दिवाळी पहाटेचा उघड्यावरचा कार्यक्रम सहाच्या आधी स्पीकरवर सुरू करायला या सवलतीचा आधार घेता येत नाही.

दुसरी पायरी: तुमची जागा कोणत्या क्षेत्रात येते?

नियमांच्या अनुसूचीत चार क्षेत्रं आहेत. मर्यादा अशा:

औद्योगिक: दिवसा ७५, रात्री ७०
व्यापारी: दिवसा ६५, रात्री ५५
निवासी: दिवसा ५५, रात्री ४५
शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

एकक डेसिबल, 'ए' वेटिंगचं, आणि तेही त्या वेळेची सरासरी धरून. या शेवटच्या दोन गोष्टींकडे चौथ्या पायरीत येऊ.

क्षेत्र ठरतं ते तुम्ही तिथे काय करता यावरून नाही, त्या भागाचं वर्गीकरण काय आहे यावरून. निवासी सेक्टरमध्ये तळमजल्यावर दुकानांची रांग असली म्हणून तो भाग आपोआप व्यापारी होत नाही. मिश्र भाग असेल तर तो चारपैकी कोणत्या वर्गात धरायचा हे सक्षम प्राधिकाऱ्याने जाहीर करायचं असतं. म्हणून दुकानदाराने किंवा हॉलवाल्याने "हे कमर्शियलच आहे" असं तोंडी सांगितलं तर मान डोलावून परत येऊ नका. ठाण्यात महापालिकेच्या नगररचना विभागाकडून आणि नवी मुंबईतही महापालिकेच्या नगररचना विभागाकडून आपल्या जागेचा झोन दाखला किंवा विकास आराखड्याचा अभिप्राय मागता येतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे या बाजूला, नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे. तिथल्या भूखंडाबद्दल विचारणा एमआयडीसीच्या कार्यालयातच करावी लागते, महापालिकेत फेऱ्या मारून उपयोग नाही.

शांतता क्षेत्राबद्दल लोकांच्या मनात पक्कं बसलंय की रुग्णालय, शाळा, न्यायालय दिसलं की भोवतालचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते तसं राहिलेलं नाही. राज्य शासनाने ते क्षेत्र तसं जाहीर केलेलं असावं लागतं. त्यामुळे तक्रारीत "शांतता क्षेत्र" हा शब्द लिहिण्याआधी तुमच्या जवळचं रुग्णालय किंवा शाळा त्या यादीत आहे का हे महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा पोलिस ठाण्यात विचारून घ्या. नसेल तर निवासी क्षेत्राची मर्यादा धरून लिहा. रात्री १० नंतरचे निर्बंध तसेही लागू राहतात.

तिसरी पायरी: आवाज कुठे मोजायचा?

वरचे आकडे परिसराचे आहेत. एखाद्या ठरावीक जागेतून आवाज येत असेल तर त्या जागेच्या हद्दीवर काय ऐकू येतं याला महत्त्व आहे.

खासगी जागेतली ध्वनियंत्रणा, म्हणजे शेजाऱ्याचा होम थिएटर, जिमचे स्पीकर, हॉटेलचं संगीत. यांचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा ६०, रात्री ५०.

सार्वजनिक जागेतला लाउडस्पीकर. हद्दीवर परिसराची मर्यादा अधिक १०, किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. निवासी भागातल्या मंडळाच्या मांडवाला दिवसा ६५ मिळतात. व्यापारी भागात ७५, आणि औद्योगिक भागात बेरीज ८५ झाली तरी ७५ च. सार्वजनिक जागी लाउडस्पीकरला लेखी परवानगी दिवसाही लागतेच. परवानगी आहे म्हणजे हवा तेवढा आवाज करता येतो, असा अर्थ होत नाही.

सोसायटीतला जनरेटर हा वेगळा विषय, आणि टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना सर्वांत आधी तोच भेटतो. कंपनीने कॅनॉपीसह, म्हणजे आवाज अडवणाऱ्या बंद आवरणासह, दिलेल्या १००० केव्हीए क्षमतेपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कॅनॉपीपासून १ मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ही यंत्राची मर्यादा झाली. तो जनरेटर ज्या बेडरूमच्या खिडकीखाली ठेवलाय, तिथल्या परिसराची ५५ आणि ४५ ची मर्यादा तिच्यामुळे रद्द होत नाही. नवीन घराचा ताबा घेताना लाइट गेल्यावर जनरेटर एकदा चालवून दाखवायला सांगा आणि तुमच्या बेडरूमची खिडकी उघडी ठेवून ऐका. कॅनॉपीची दारं बंद आहेत का, सायलेन्सरचं तोंड कुणाच्या खिडकीकडे आहे का, पाया रबरी पॅडवर आहे की सरळ काँक्रीटवर आवळलाय, हे डोळ्यांनी दिसतं. ताबा घेण्याआधी बिल्डरशी बोलणं आणि नंतर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडणं यांत फार फरक आहे.

चौथी पायरी: डेसिबल समजून घ्या, मग मोजा

डेसिबलची बेरीज साधी नसते. सारख्या आवाजाची दोन यंत्रं एकत्र चालवली की आकडा दुप्पट होत नाही, ३ ने वाढतो. १० डेसिबलने वाढला तर आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत एकाच ठिकाणाहून येणारा आवाज दर दुप्पट अंतराला साधारण ६ डेसिबलने कमी होतो. रस्त्याच्या सलग वाहतुकीचा मात्र ३ नेच, म्हणून हायवेपासून चार इमारती आत गेलं तरी घरघर पाठ सोडत नाही.

आता सरासरीचं. दिवसाच्या १६ तासांत एक तास ८५ डेसिबलचा डीजे वाजला आणि उरलेले १५ तास परिसर ५० वर शांत होता, तर सरासरी किती? बहुतेकांना ५२-५३ वाटेल. ती येते ७३. ऊर्जेची सरासरी असल्यामुळे मोठा आवाज सगळा हिशेब व्यापून टाकतो. रात्रीचंही तसंच आहे: आठपैकी दोन तास ६० वर चाललेला कंप्रेसर सरासरी ५४ पर्यंत नेतो, निवासी मर्यादेच्या ९ वर. "अर्धा-पाऊण तास तर वाजवतोय" या उत्तराला हा हिशेब दाखवा. उलट बाजूने, एकट्या-दुकट्या हॉर्नमुळे दिवसभराची सरासरी मोडली असं सिद्ध करणं अवघड. हॉर्नसाठी रात्रीच्या बंदीचाच आधार घ्यावा.

'ए' वेटिंगची गोष्ट तितकीच महत्त्वाची, आणि मला ती नियमांची खरी उणीव वाटते. मानवी कान खालच्या पट्टीला कमी संवेदनशील असतो म्हणून मीटर तो भाग कमी धरतं. ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. डीजेचा जो ठोका छातीत धडकतो आणि खिडकीच्या काचा थरथरवतो, तो नेमका याच पट्टीतला. मिरवणुकीच्या वेळी मीटरवरचा आकडा आणि अंगाला जाणवणारा त्रास यांचा मेळ बसत नाही त्याचं एक कारण हे. म्हणून तक्रारीत आकड्यासोबत काचा थरथरणं, कपाट हादरणं, तान्हं बाळ दचकून उठणं, हेही लिहा.

मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठेवा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, प्रमाणित केलेला नसतो. वेगवेगळे फोन शेजारी-शेजारी धरले तर वेगवेगळे आकडे दाखवतात. तरीही मोजायचं असेल तर खिडकी उघडी ठेवून, भिंतीपासून लांब, सव्वा ते दीड मीटर उंचीवर फोन धरा, आणि आवाज सुरू असतानाचा आणि बंद झाल्यानंतरचा, असे दोन्ही आकडे टिपा. दोन्हींतला फरक सांगण्याजोगा असतो. प्रमाणित मीटर पोलिसांकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतं. त्यांनी येऊन मोजावं, हीच तुमची मागणी.

पाचवी पायरी: तक्रार

आवाज सुरू असतानाच ११२ वर फोन करा. सकाळी शांत झाल्यावर गेलात तर पंचनाम्याला काही उरत नाही. फोनची वेळ आणि मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. नाव सांगायची भीती वाटत असेल, आणि शेजारपाजारच्या प्रकरणांत ती वाटणं साहजिक आहे, तर हे लक्षात ठेवा: ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये जो निकाल दिला, त्यात तक्रारदाराची ओळख उघड करू नये असं बजावलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांच्या लाउडस्पीकरबद्दलच्या निकालात याच न्यायालयाने पोलिसांना पायऱ्याही आखून दिल्या: आधी समज, पुन्हा तसंच झालं तर दंड, त्यानंतर यंत्रणा जप्त आणि परवाना रद्द. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

फोनने भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज. लांबलचक कहाणी नको. असा चालतो:

"दि. …, रात्री १०.५० ते १२.२०. सेक्टर …, भूखंड क्र. … येथील लॉनमध्ये उघड्यावर लाउडस्पीकर सुरू होता. ११.०५ वाजता ११२ वर कळवले, क्रमांक …. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला आहे. गेल्या महिन्यातील अशाच तारखा सोबत जोडल्या आहेत. केलेली कारवाई लेखी कळवावी."

दोन प्रती न्या, एकीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. ही पोच मिळाल्याशिवाय पोलिस ठाण्यातून निघू नका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे पोलिस आयुक्तालय असल्याने पुढची दारं सहायक आयुक्त, उपायुक्त, आयुक्त अशी आहेत. बांधकाम, हॉल किंवा हॉटेल असेल तर प्रत महापालिकेलाही: ठाण्यात प्रभाग समिती, नवी मुंबईत विभाग कार्यालय. कारखान्याचा आवाज असेल तर पोलिसांआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ठाणे किंवा नवी मुंबई प्रादेशिक कार्यालय गाठा. तळोज्याच्या तक्रारीही नवी मुंबई कार्यालयाकडेच.

लॉन किंवा हॉलला परवानगी आहे का, ती कोणत्या अटींवर, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि ऑनलाइनही अर्ज करता येतो. लेखी उत्तर हातात आलं की पुढच्या अर्जाचं वजन वाढतं. काहीच हललं नाही तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो, आणि त्यापुढे राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ आहे. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा सोसायटीच्या ठरावानिशी जा.

दिवसा वरच्या मजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणाच्या ड्रिलिंगसाठी मात्र एवढा मोठा रस्ता धरू नका. दिवसाच्या कामाला ठोक बंदी नाही. सोसायटीने कामाच्या वेळा ठरवलेल्या असतात, दुपारी सुट्टी असते. त्या पाळल्या जात नसतील तर सेक्रेटरींना पत्र द्या. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

दुकान किंवा गाळा तुमचा असेल तर

हे सगळं तुमच्यावरही उलटू शकतं, म्हणून यंत्र बसवण्याआधीच बघून घ्या. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर दुकान असेल तर एसीचं आउटडोअर युनिट वरच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर ठोकू नका. हवेतून जाणाऱ्या आवाजापेक्षा भिंतीतून जाणारी थरथर जास्त त्रास देते. ब्रॅकेटखाली रबर, पंख्याचं तोंड रस्त्याकडे, आणि रात्री गरज नसेल तर बंद.

गाळ्यात कंप्रेसर, पॉवर प्रेस, ग्राइंडर असेल तर प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात आवाजाची अट असते. ती वाचा. औद्योगिक क्षेत्राचे ७५ आणि ७० तुमच्या हद्दीत मिळतात, पण भिंतीपलीकडे निवासी भाग सुरू होत असेल तर तिथल्या माणसाला ५५ आणि ४५ चा हक्क आहे. कंप्रेसर निवासी बाजूच्या भिंतीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवा, त्या बाजूच्या खिडक्या बंद करून घ्या, मालाची चढ-उतार रात्री त्या दाराने करू नका. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगाला १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गाळ्याच्या आत काम करणाऱ्यांसाठी नियम वेगळा. कारखाना नियमांप्रमाणे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल आहे, आणि तिची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. बाहेर ७० पाळले म्हणून आतल्या कामगाराच्या कानाची जबाबदारी संपत नाही. त्याला इअरमफ द्या, आणि तो रोज लावतोय का हे स्वतः जाऊन बघा.